क्रम्बल दरवेळी ओला का राहतो? साखरेच्या वाटीपासून वायरमनपर्यंत

"काकू, माहा क्रम्बल आजबी गचगच झाला व!" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा येतोच. पाककृती बघून केला, माप बरोबर घेतलं, भट्टी, म्हणजे विजेचा ओव्हन, आधी तापवली, आणि तरी वरचा चुरा ओल्या सातूसारखा आणि खाली फळाचं पाणी. माझ्या स्वतःच्या घरी पहिले दोन हिवाळे हेच चाललं होतं. मग जावेकडे, भाचीकडे आणि बचत गटातल्या अर्ध्या बायांकडे जाऊन हाच दोष मी इतक्यांदा काढलाय की आता फोनवर चार प्रश्न विचारले की नव्वद टक्के वेळा कारण कळतं. ते प्रश्न आणि त्यामागचं कारण इथे लिहून ठेवते.

ज्यांना क्रम्बल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की खाली साखरेत घोळलेल्या फळाच्या फोडी, वर मैदा-लोणी-साखरेचा भरभरीत चुरा, आणि हे सगळं भट्टीत भाजायचं. लाटणं नाही, फुगवणं नाही. ब्रिटनमध्ये १९४० च्या जानेवारीत लोणी आणि साखर रेशनवर गेली, त्या टंचाईच्या काळात हा पदार्थ घरोघरी रुळला. पाय नावाच्या विलायती पदार्थासारखं पिठाचं पूर्ण आवरण करायला परवडत नव्हतं, मग नुसता चुरा भुरभुरवला. म्हणजे मुळात हा काटकसरीचा पदार्थ आहे, तो बिघडला म्हणून नवी भट्टी घ्यायची काही गरज नाही. हे मी आधीच सांगते, कारण दोन घरी नवऱ्याला नवी भट्टी आणायला लावून झाल्यावर मला फोन आला होता.

आधी लक्षण ओळखा

"ओला झाला" एवढं पुरत नाही. कुठे ओला, कधी ओला, हे बघा.

वरचा चुरा पांढराच राहिला आणि बोटाला चिकटतो, तर उष्णता कमी पडली. वरून छान तांबूस झाला, पण चमचा घातला की चुऱ्याची खालची बाजू लापशीसारखी आणि तळाशी पातळ पाणी, तर दोष फळात किंवा ते पाणी घट्ट न होण्यात आहे. चुरा दाण्यांचा न राहता वितळून एक सपाट पापडी झाली, कडेने तूप सुटलं, तर लोणी गरम होतं. भट्टीतून काढला तेव्हा कुरकुरीत होता आणि तासाभरात मऊ पडला, तर बहुतेक काहीच बिघडलेलं नाही, तुम्ही तो झाकून ठेवला असणार.

पाचवं लक्षण शहरातल्या पुस्तकात नसतं. दुपारी केला की उत्तम, त्याच मापाने संध्याकाळी केला की कच्चा. हे ज्यांच्याकडे होतं त्यांनी फळ, पीठ, लोणी यांच्या मागे न लागता थेट खालचा विजेचा भाग वाचावा.

पाहुणे बसलेच असतील तर

कारण नंतर शोधू. वरचा चुरा सराट्याने, म्हणजे उलथण्याने, खरडून जाड बुडाच्या कढईत घ्या आणि मंद आचेवर हलवत राहा, रवा भाजतो तसा. सात-आठ मिनिटांत सुटा आणि खमंग होतो. खालचं फळ गंजात, म्हणजे पातेल्यात, ओता, एक चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे थंड पाण्यात कालवून त्यात घाला आणि बुडबुडे येऊन चकाकी येईपर्यंत उकळा. वाट्यांमध्ये आधी फळ, वर चुरा. कोणाला काही कळत नाही. माझ्याकडे तर एका व्याह्यांनी हाच प्रकार पुन्हा मागितला होता.

ज्या मापावर मी बोलते आहे ते

चार माणसांसाठी, साधारण सात इंची भांडं. फळ अर्धा किलो, चिरलेलं वजन. त्यात दोन-तीन चमचे साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, फळ गोडच असेल तर अर्धं लिंबू. चुऱ्यासाठी १०० ग्रॅम पीठ, ६० ग्रॅम थंड लोणी, ५० ग्रॅम साखर. भट्टी १८० अंश, पस्तीस ते चाळीस मिनिटं. याहून फार वेगळं माप असेल तर आधी या मापाने एकदा करून बघा. अर्ध्या किलो पिठाला पाव किलो पातळ तूप ओतणारी एक पाककृती सध्या मोबाइलवर फिरून राहिली आहे. तिच्यावर मी काहीही सांगू शकत नाही.

पहिली तपासणी: तुमची घाई (खर्च शून्य)

भट्टीतून काढल्या-काढल्या वाढता का? मग खाली पाणी दिसणारच. कॉर्नफ्लोअरने धरलेला रस उकळता असताना पातळच असतो, थंड होताना तो बसतो. पंधरा-वीस मिनिटं उघडा ठेवा. झाकण नाही, ताट नाही, माशांची भीती असेल तर जाळी. झाकलं की आतली वाफ वर जाऊन झाकणाला लागते, पाणी होऊन चुऱ्यावरच पडते, आणि मग तुम्ही भट्टीला दोष देता.

काढायचं कधी तेही घड्याळावर ठरवू नका. भांड्याच्या कडेने रस जाडसर, संथ बुडबुडे काढतो आहे का ते बघा. पातळ, भरभर फुटणारे बुडबुडे म्हणजे अजून वेळ आहे. बुडबुडेच नाहीत म्हणजे कॉर्नफ्लोअर कच्चं आहे, आणि ते कच्चं राहिलं की रस पातळ तर राहतोच, वर दुधट दिसतो आणि जिभेला खडूसारखा लागतो.

दुसरी: भांडं आणि हात

काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं जागा सोडा. फळाचा थर दीड-दोन इंचांपेक्षा जाड नको. चुरा वरून भुरभुरवायचा, थापायचा नाही. थापला की खालची वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चुरा खालून उकडला जातो. आपल्याला बर्फी थापायची सवय, हात आपोआप दाबतो. मी पोरींना सांगते, रांगोळी टाकल्यासारखा टाका.

तिसरी: फळ

इथे जरा थांबते, कारण आमच्या भागात घोळ इथूनच सुरू होतो.

पाककृती लिहिणारे सफरचंद धरून लिहितात. सफरचंदात पाणी भरपूर असतं, पण फोड शिजेपर्यंत ते आत धरून ठेवते. आपण वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात राहणार, घरात संत्र्याची रास लागलेली, तर साहजिकच मनात येतं की संत्र्याचा क्रम्बल करू. मीही केला. पहिल्यांदा फोडी जशाच्या तशा टाकल्या. वरचा चुरा अक्षरशः तरंगत होता. संत्र्याच्या फोडीत रसाच्या बारीक पिशव्या असतात, उष्णतेने त्या फुटल्या की सगळा रस एकदम बाहेर. आणि दुसरं, तो कडू झाला. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चव जगात नावाजलेली, पण शिजवायला बसलं की तो रुसतो. त्याच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं, ते आंबट रसात मिसळलं की हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतं, आणि तापवल्यावर ते लवकर होतं. ताजा रस गोड आणि तासाभराने तोच रस कडसर, हे ज्यांनी घरी रस काढून ठेवलाय त्यांना माहीतच आहे.

म्हणून संत्र्याचं मी असं करते. खाली जांब, म्हणजे पुण्याकडचा पेरू. घट्ट, अर्धवट पिकलेला, बियांचा गर काढून टाकलेला. त्यात संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग किसून चमचाभर, पांढरा भाग अजिबात नको. संत्र्याच्या सोललेल्या, बिया काढलेल्या फोडी क्रम्बल भट्टीतून बाहेर आल्यावर वाढताना बाजूला. वास संत्र्याचा, अंग जांबाचं. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाच्या शेवटाला बाजारात जांब भरपूर असतो, तोच हंगाम या जोडीला उत्तम.

सीताफळ मात्र भट्टीत घालूच नका. त्याचा गर तापला की कडू होतो. कितीही साखर घाला, उपयोग नाही. न बिघडलेल्या क्रम्बलला बिघडवायचं असेल तर सीताफळ.

आंब्याचं असं की गावरान चोखून खायचा आंबा यासाठी नाही. तो सगळा रसच. घट्ट गराचा, बोटाने दाबला तर किंचितच दबणारा आंबा घ्या. पपई पण तशीच, हिरवट-पिवळी.

फळाचं पाणी जास्त आहे का हे बघायची सोपी पद्धत अशी. चिरलेल्या फोडींना साखर लावा, चाळणीत घालून खाली वाटी ठेवा, वीस मिनिटं थांबा. वाटीत दोन-तीन चमचे रस जमला तर ठीक आहे, तो परत घाला. अर्धी वाटी जमला तर तो रस वेगळा गंजात आटवून निम्मा करा, थंड झाल्यावर कॉर्नफ्लोअर त्यातच कालवा आणि मग फोडींवर ओता. फेकू नका, सगळी चव त्यातच असते. या एका चाळणीने मी माझ्या जावेचा क्रम्बल कायमचा सरळ केला. तिची भट्टी, पीठ, लोणी, सगळं निर्दोष होतं. ती फक्त लिलावातून उरलेले अतिपिकले जांब वापरत होती.

फ्रीझरमध्ये ठेवलेलं फळ असेल तर चाळणी सक्तीची. गोठल्यावर फोडीतल्या पेशी फाटतात आणि वितळताना पाणी सोडतात.

चौथी: लोणी

पाककृतीत लिहितात, लोणी फ्रिजमधून काढा, पिठात बोटांनी चोळा. ज्याने लिहिलं तो मे महिन्यात अकोल्याला आलेला नाही. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ओटाच तेवढा गरम असतो, बाहेर पारा ४५ च्या पुढे. तुम्ही चोळायला घेतलं आणि दोन मिनिटांत मऊ कणीक झाली, तर तुमच्या हाताचा दोष नाही.

लोणी थंडच का हवं? चुऱ्यात लोण्याचे वाटाण्याएवढे खडे राहायला हवेत, त्यांच्याभोवती कोरडं पीठ. भट्टीत ते खडे वितळतात, त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, जागा मोकळी राहते, म्हणून चुरा पोकळ आणि कुरकुरीत. आधीच वितळलेलं लोणी सगळ्या पिठात मुरतं, दाणे उरतच नाहीत, आणि भट्टीत ते सगळं मिळून एक लोंदा होतो.

यावर खर्च न करता चार गोष्टी. पीठ, साखर आणि कोपर, म्हणजे परात, आदल्या रात्री फ्रिजमध्ये. लोणी किसणीवर किसून पिठात, बोटांऐवजी काट्याने किंवा सुरीने मिसळायचं. चुरा झाला की परत वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला, दुपारी नाही. पंख्याखाली करू नका, पीठ उडतं एवढंच होतं.

घरच्या लोण्याचं वेगळं प्रकरण आहे, आणि गावात बहुतेक जणी तेच वापरतात. विकतच्या लोण्यात पाणी १६ टक्क्यांच्या आत असतं. घरी घुसळून काढलेल्या लोण्यात ताक राहून गेलेलं असतं, किती ते आपल्या हातावर. ते चुऱ्यात गेलं की पिठाला चिकटपणा येतो. लोणी थंड पाण्याने दोनदा धुवा, दाबून पाणी काढा, फडक्यात घट्ट पिळा. नाहीतर सरळ तूप घ्या. तूप रवाळ गोठलेलं हवं, पातळ नाही, आणि ६० ग्रॅम लोण्याऐवजी ५० ग्रॅमच, कारण तुपात पाणी नसतं, सगळं स्निग्धच. तुपाचा चुरा बेसनाच्या लाडवासारखा खमंग होतो. मला वैयक्तिक तोच जास्त आवडतो, भाचीला आवडत नाही.

पिठात निम्मी ज्वारी घालून बघा. मैदा किंवा गव्हाची कणीक ओली झाली, मळली गेली की तिला चिवटपणा येतो. ज्वारीत तो चिकट धागा नसतो, म्हणून हात चुकला तरी चुरा वाळूसारखा सुटा राहतो. वरून भाजलेलं जवस जाडसर कुटून दोन चमचे. हे काही परदेशी पुस्तकात सापडणार नाही, पण उन्हाळ्यातला सगळ्यात भरवशाचा उपाय हाच.

पाचवी: कॉर्नफ्लोअर

डबा किती जुना आहे, त्यात ओल लागली आहे का, बघा. आंबट फळात, म्हणजे कैरीत वगैरे, त्याची पकड सैल पडते, म्हणून अर्धा चमचा जास्त घाला. आरारूट वापरलं तरी चालतं. पुढे.

सहावी: भट्टी खरं बोलते का

आता जरा खर्चाचं, तरी एक वाटी साखरेपुरतंच.

सगळ्यात आधी वरचा-खालचा-दोन्ही असा जो खटका असतो तो कुठे आहे ते बघा. पुसताना फिरतो. वरचीच कॉइल चालू असेल तर वरून तांबूस, आत कच्चा. दोन वेळा मी पंधरा किलोमीटर जाऊन नुसता खटका फिरवून आले आहे.

मग भट्टी दोन्ही कॉइलवर लावा, दिवा मालवा आणि दाराच्या काचेतून बघा. वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइल लाल दिसल्या पाहिजेत. एक काळीच राहिली तर ती गेली आहे. दोन्ही लाल झाल्या तर बघत राहा. लहान भट्टी दहा-पंधरा मिनिटांत तापते, मग बारीक टक् आवाज येऊन कॉइल काळ्या पडतात, थोड्या वेळाने पुन्हा लाल होतात. ही उघडझाप म्हणजे भट्टी ठरलेल्या तापमानाला पोहोचली. पंचवीस मिनिटं झाली तरी कॉइल एकदाही विझल्या नाहीत, तर ती पोहोचतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पोहोचते, पण खोट्या आकड्याला पोहोचते का? त्यासाठी साखर. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. एका जुन्या स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर पसरा. भट्टी १७५ वर नीट तापवून पंधरा मिनिटं ठेवा. दाणे तसेच राहायला हवेत. मग नवी साखर घेऊन १९० वर पंधरा मिनिटं. आता ती वितळायला हवी. १९० वरही दाणे कोरडेच असतील तर तुमची भट्टी मागे आहे, पुढच्या वेळी आकडा दहा-पंधरा अंश वर ठेवा. १७५ लाच वितळली तर पुढे आहे, म्हणून वरून करपून आत पाणी राहतं. वितळलेली साखर कातडीला चिकटून भाजते, वाटी सांडशीने धरा आणि पोट्ट्यांना लांब ठेवा.

कढईत मीठ किंवा वाळू घालून भाजणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. तुमच्या क्रम्बलला वरून कधीच रंग येणार नाही, कारण उष्णता खालून आणि झाकणाखाली वाफ. दोष शोधत बसू नका. फळ खाली शिजू द्या, चुरा वेगळा कढईत भाजून वर घाला. केक कढईत होतो म्हणून क्रम्बलही होईल असं नाही. केकला वाफ चालते, चुऱ्याला नाही.

सातवी: वीज

ज्यांचा दुपारचा चांगला आणि संध्याकाळचा कच्चा, ते इथे.

आमचं घर लाइनीच्या शेवटाला. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, गिझर लागले की बल्ब पिवळा पडतो. भट्टीही तशीच मंदावते, फक्त ते दिसत नाही. तिचा दिवा लागतो, कॉइल लालसर दिसते, आपल्याला वाटतं चालू आहे.

हिशेब साधा आहे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज २३० ऐवजी १८० मिळालं तर ते अठ्ठ्याहत्तर टक्के झालं, पण उष्णता अठ्ठ्याहत्तर टक्के राहत नाही, एकसष्ट टक्क्यांवर येते. १२०० वॉटची भट्टी ७३५ वॉटची होते. १६० ला तर निम्म्याहूनही कमी. अशा वेळी ती १८० अंशांपर्यंत रडतखडत चढते किंवा चढतच नाही, आणि कॉइल विझत नाहीत असं जे मी वर म्हटलं, ते हेच. फळ तोवर पाणी सोडून बसतं, रस उकळत नाही, चुरा कोमट वाफेत भिजत राहतो. चाळीस मिनिटं मोजून तुम्ही काढता. चाळीस मिनिटं झाली, पण भाजणं पंचवीस मिनिटांचंच झालं.

व्होल्टेज बघायला कुठे बोटं घालायची गरज नाही. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर येणाऱ्या विजेचा आकडा वाचा, काहींवर बटण दाबून येणारी आणि जाणारी दोन्ही दिसतात. तीन-चार दिवस दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला लिहून ठेवा. माझ्याकडे जानेवारीत दुपारी २२० च्या आसपास आणि संध्याकाळी १७८ निघालं, आणि दोन हिवाळ्यांचं कोडं एका कागदावर सुटलं.

उपाय म्हणजे दुपारी भाजा. संध्याकाळीच हवं असेल तर भट्टी अर्धा तास आधीपासून तापवा, फळ गॅसवर घट्ट होईपर्यंत शिजवून गरमच भांड्यात ओता, चुरा तव्यावर अर्धा भाजून घ्या, आणि भट्टीवर फक्त शेवटचा रंग सोडा. दार उघडून बघू नका. आधीच कमी असलेली उष्णता बाहेर जाते.

मधेच वीज गेली तर दहा मिनिटं दार न उघडता थांबा. आली तर पुढे चालू. नाही आली तर वर पाहुण्यांसाठी सांगितलं ते करा, गॅस तर आहे.

तीन गोष्टी मात्र करू नका. भट्टी फ्रिजच्या स्टॅबिलायझरला लावू नका, तो तेवढ्या भारासाठी नसतो, फ्रिजसकट जाईल. घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. आणि मोबाइल चार्ज करायच्या एक्स्टेन्शन बोर्डाला तर कधीच नाही. मोठा सॉकेट, १६ अँपियरचा, थेट भिंतीतला.

इथे हात थांबवा

एक कॉइल काळी राहत असेल, साखरेच्या परीक्षेत भट्टी दरवेळी वेगळंच उत्तर देत असेल, किंवा कॉइल कधीच विझत नसून भट्टी करपवत असेल तर आतला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा खटका, किंवा कॉइल गेली. दुरुस्तीवाल्याकडे न्या. मागचं झाकण घरी उघडू नका. बाजारातली एखादी कॉइल दिसायला तशीच असते, वॉट वेगळे असतात. आणि जुन्या भट्टीच्या दुरुस्तीचा खर्च नवीच्या निम्म्यावर गेला तर मी सोडून द्यायला सांगते.

भट्टीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, प्लगच्या पिना काळ्या पडल्यात, सॉकेट तापतो किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास येतो, लावली की एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, पडतो, यातलं एक जरी असेल तर क्रम्बलचा विषय संपला. प्लगला हात न लावता आधी मेन बंद करा आणि मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. एमसीबी पुन्हा पुन्हा वर करून "चालतं का बघू" हे नको. माझ्याकडे शेवटी निघालं ते असं की व्होल्टेज कमी होतंच, पण सॉकेटमधला एक स्क्रूही सैल होता आणि आतली तार वितळायला आली होती. वर्षभर मी त्यावर रंग न येणारे क्रम्बल भाजत होते.

आणि सगळ्यात धोक्याचं, घरात काही दिवे मंद आणि त्याच वेळी दुसरे डोळे दिपतील इतके प्रखर होत असतील, तर ती कमी वीज नाही. न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटल्याचं किंवा सैल झाल्याचं ते लक्षण आहे, त्यात एखाद्या खोलीत २३० पेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येतं, भट्टी, फ्रिज, टीव्ही सगळं एका मिनिटात जळू शकतं. मेन लगेच बंद करा. घरातल्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन आणि खांबावरून येणाऱ्या लाइनीसाठी लाइनमन. शेजाऱ्यांना विचारा, पूर्ण गल्लीत तसंच असेल तर काम लाइनमनचंच आहे. स्वतः खांबावर किंवा मीटरच्या पेटीत हात घालू नका, गावातला कोणी "मी करतो ना बावा" म्हणत काठी घेऊन आला तरी त्यालाही घालू देऊ नका.

तोवर भट्टीत अर्धा राहिलेला क्रम्बल मेन बंद झाल्यावर सांडशीने बाहेर काढा. काचेचं भांडं असेल तर ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकतं, जाड फडक्यावर ठेवा. चुरा कढईत, फळ गंजात.